कोडाईकनालची सौर वेधशाळा: परवानगीच्या पत्रापासून वर्णपटाच्या कागदापर्यंत

आधी एक गैरसमज दूर करू. सौर वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायला मिळत नाही. तिथे सूर्य कागदावर, टेबलावर किंवा पडद्यावर बघायचा असतो. दुर्बिणीतून ‘बघायला’ गेलेल्यांचा पहिल्या पाच मिनिटांत हिरमोड होतो आणि पुढचा तास-दीड तास, ज्यात खरा माल असतो, हातचा जातो. आमच्या चौदाजणांच्या गटाला निघण्यापूर्वी हे दोनदा सांगून ठेवलं होतं, तरी तिघांनी आयपीस कुठे आहे असं विचारलंच.

तमिळनाडूतल्या पळणी डोंगरावर, २,३४३ मीटर उंचीवर ही वेधशाळा आहे. ती आज बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर सूर्यावरचे डाग आणि पाऊस यांचा काही संबंध लागतो का हे तपासण्याची निकड सरकारला वाटू लागली. त्यातून पुढे मद्रासच्या जुन्या वेधशाळेचं काम डोंगरावर हलवायचं ठरलं. खगोलशास्त्रज्ञ मिची स्मिथ यांनी जागा निवडली, १८९९ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि १९०१ पासून नियमित वेध सुरू झाले.

पत्र

संग्रहालय आणि मोठी दुर्बीण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालय सर्वांना खुलं असतं, पण त्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात: उन्हाळ्याच्या गर्दीत जास्त, एरवी कमी. म्हणून जुन्या प्रवासवर्णनातल्या वेळांवर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात फोन करून विचारा. बोगद्यातली मोठी दुर्बीण संशोधनाची आहे. तिच्यासाठी गटाच्या नावाने लेखी परवानगी घ्यावी लागते.

पहिलं पत्र नोव्हेंबरच्या मध्याला ईमेलने पाठवलं. त्यात दोन चुका होत्या, दोन्ही आमच्याच. एक म्हणजे एकच तारीख दिली होती. दुसरी म्हणजे ‘दिवसभरात कधीही चालेल’ असं लिहिलं होतं. हे वाक्य सौजन्याचं वाटतं, पण सौर वेधशाळेला ते लिहू नये. जमीन तापली की हवा उकळत्या पाण्यासारखी हलू लागते आणि सूर्याची प्रतिमा थरथरते, दुपारनंतर डोंगरावर ढगही चढतात. चांगलं दर्शन सकाळच्या दोन-तीन तासांचं. दुपारचे तीन मिळाले, तर मिळालेली परवानगी कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

दुसरं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, पीडीएफ करून. त्यात हे होतं: गटाचं नाव आणि काम, माणसं किती आणि कोणत्या वयाची, दोघांचे फोन नंबर, तीन पर्यायी तारखा (तिन्ही कामाच्या दिवशीच्या), वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा, आणि काय बघायचं आहे ते तीन ओळींत. सोबत सगळ्यांची नावं आणि ओळखपत्राचा प्रकार असा तक्ता. ‘काय बघायचं आहे’ हा भाग टाळू नका. नुसतं ‘दुर्बीण दाखवा’ म्हणण्यापेक्षा ‘सूर्याच्या परिवलनामुळे वर्णरेषा सरकते ते बघायचं आहे’ असं लिहिलं, की समोरच्यालाही आधी मांडणी करून ठेवता येते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार, ही तारीख पक्की झाली. एकूण दोन महिने हाताशी ठेवून सुरुवात करावी.

फेब्रुवारीच का? ऑक्टोबर ते डिसेंबर या भागात ईशान्य मोसमी पाऊस असतो. जानेवारी ते मार्च आकाश सर्वांत भरवशाचं. एप्रिल-मेमध्ये गर्दी, आणि पुढे नैर्ऋत्य मोसमी ढग आहेतच.

रेल्वे, घाट आणि पाण्याच्या बाटल्या

मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे नागरकोइलला जाणारी एक्स्प्रेस दिंडिगल आणि मदुराईवरून जाते. ती रोज नाही, त्यामुळे वेधशाळेची तारीख आणि गाडीचा वार आधी जुळवून बघा. आणि नेहमीचा सापळा: ही गाडी पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. ‘मंगळवारी रात्री निघायचं’ असं ठरवलं की तिकीट बुधवारच्या तारखेचं काढायचं. आमच्यातल्या दोघांनी मंगळवारचं काढलं होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

याच गाडीच्या वाटेवर सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी याच जेऊरला तळ ठोकून सूर्याचे वर्णपट टिपले होते. भावनगर संस्थानच्या देणगीतून त्यांनी पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण त्या काळात देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं गेली कोडाईकनालला. म्हणजे पुण्याहून कोडाईकनालला जाणारी ही वाट आमच्याआधी त्या दुर्बिणीने धरली होती. पुण्यात त्या वेधशाळेची आठवण काढणारं कुणी फारसं भेटत नाही, ही बोच जेऊर मागे पडताना लागतेच.

गुरुवारी पहाटे दिंडिगल. तिथून वत्तलगुंडूमार्गे घाट चढून कोडाईकनाल साधारण शंभर किलोमीटर, चौदा आसनी गाडीने नाश्त्यासकट चार तास. वळणं लागणाऱ्यांनी गोळी वत्तलगुंडूला घ्यावी, घाटात घेऊन उपयोग नाही. मदुराईला उतरलात तर आरपाळयम स्थानकावरून सरकारी बस मिळते.

खासगी किंवा भाड्याच्या गाडीला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालसाठी तो सुरू झाला. गाडीचा नंबर, माणसं, मुक्कामाच्या तारखा आणि पत्ता भरला की क्यूआर कोड येतो, तो नाक्यावर दाखवायचा. एप्रिल ते जून या हंगामात रोजच्या गाड्यांवर मर्यादाही असते, म्हणून उन्हाळ्यात जाणार असाल तर पास शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ‘ड्रायव्हर बघून घेईल’ यावर विसंबू नका. गाडी आयत्या वेळी बदलली की नंबर बदलतो आणि पास नव्याने काढावा लागतो. आमचं तेच झालं, घाटाच्या पायथ्याशी रेंज शोधत अर्धा तास गेला. सरकारी बसने जाणाऱ्यांना ही कटकट नाही.

प्लास्टिकच्या पाच लिटरपेक्षा लहान बाटल्यांवर इथे बंदी आहे, सापडल्या तर बाटलीमागे वीस रुपये हरित शुल्क. स्टीलच्या बाटल्या न्या.

गुरुवारचा दिवस मोकळा ठेवला तो बरा. उंचीवर पहिल्या दिवशी डोकं जड होतं, आणि ढग आले तर काय करायचं याचा विचारही शांतपणे करता येतो.

शुक्रवार, सकाळी पावणेनऊ

बसस्थानकापासून वेधशाळा चढावर तीन-चार किलोमीटर. थंडी चांगलीच होती. स्वेटर लागतोच, आणि बोगद्यात ऊन अजिबात नसल्याने तो आतही लागतो.

फाटकावर परवानगीच्या ईमेलची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्रं. मोबाइलवरचं पत्र दाखवता येतं, पण चौदाजण खोळंबलेले असताना स्क्रीनवर बोट फिरवत बसण्यापेक्षा कागद बरा.

सुरुवात संग्रहालयापासून. तक्ते, प्रतिकृती, आणि दोन जिवंत गोष्टी: आरशाने आत आणलेली सूर्याची प्रतिमा आणि शेजारी त्याचा वर्णपट, काळ्या फ्राउनहोफर रेषांसकट (ठरावीक रंग वाटेतल्या वायूंनी शोषले की त्या जागी काळी रेष उरते). बहुतेक पर्यटक दोन मिनिटांत पुढे सरकतात. तुम्ही थांबा. प्रतिमेच्या मध्यावर बघा आणि मग कडेला बघा. कड मंद आणि किंचित पिवळसर दिसते. ती काचेची चूक नाही. मध्यावर आपली नजर खोल, जास्त तापलेल्या थरापर्यंत पोहोचते, कडेला ती वरच्या, थंड थरातच अडते. हे एकदा लक्षात आलं की सूर्य थाळी वाटत नाही, गोळा वाटतो.

आवारात सहा इंची एक जुनी दुर्बीण आहे, पॅरिसच्या लेरेबूर आणि सेक्रेतां यांनी केलेली, १८५० ची, मद्रासहून आलेली. १९०४ पासून इथे सूर्याची पांढऱ्या प्रकाशातली छायाचित्रं घेतली जाऊ लागली. कॅल्शियमच्या रेषेतली १९०७ पासून, हायड्रोजनच्या अल्फा रेषेतली १९१२ पासून. शतकाहून जास्त काळाची ही मालिका म्हणजे कोडाईकनालची खरी दौलत, दुर्बिणी त्यानंतर.

बोगदा

साडेनऊला मनोऱ्याकडे. ही १९६० च्या सुमाराची बोगदा-दुर्बीण. अकरा मीटर उंच मनोऱ्यावर ६० सेंटीमीटर व्यासाचा आरसा, त्याला सीलोस्टॅट म्हणतात. तो सूर्यामागे फिरतो, पण सूर्याच्या निम्म्या वेगाने: ४८ तासांत एक फेरा. आरसा जेवढ्या कोनातून वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो, म्हणून निम्मा वेग पुरतो. दुसऱ्या आरशाने प्रकाश मनोऱ्यातून खाली येतो आणि खालच्या आरशावरून आडवा होऊन ६० मीटर लांबीच्या जमिनीखालच्या बोगद्यात शिरतो. मनोरा एवढ्यासाठीच की तापलेल्या जमिनीलगतची थरथरती हवा टाळता यावी. बोगदा जमिनीखाली, कारण तिथलं तापमान दिवसभर फारसं हलत नाही.

बोगद्याच्या तोंडाशी ३८ सेंटीमीटरचं भिंग, नाभीय अंतर सुमारे ३६ मीटर. तेवढ्या अंतरावर सूर्याची ३४ सेंटीमीटरची प्रतिमा पडते, घरातल्या मोठ्या परातीएवढी. तिथून पुढे १८ मीटरचा वर्णपटलेखक. ३६ आणि १८ मिळून ५४, म्हणजे ६० मीटरचा बोगदा का लागला ते कळतं.

आत जाताना गटाचे दोन भाग केले, सात-सात. ही सूचना तिथलीच, आणि योग्य. चौदा माणसांच्या अंगची ऊब आणि श्वास यांनी प्रकाशाच्या वाटेतली हवा हलते. मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या. जमिनीवरच्या केबलींत पाय अडकतो, म्हणून भिंतीला हात लावून चाला, आरसे-भिंगांच्या जवळपास मात्र हात खिशात.

पांढरा कागद प्रतिमेत धरला. पहिला प्रश्न सगळ्यांचा सारखाच: जळणार नाही का? नाही. ३८ सेंटीमीटर भिंगाने गोळा केलेला प्रकाश ३४ सेंटीमीटरच्या वर्तुळात पसरलाय आणि वाटेत तीन आरशांनी थोडा खाल्लाय. म्हणजे कागदावर पडतंय ते अंगणातल्या उन्हाएवढंच. डोळा मात्र त्या झोतात कधीही न्यायचा नाही, कारण तिथून भिंगाकडे बघणं म्हणजे थेट सूर्याकडेच बघणं.

त्या दिवशी सूर्यावर डागांचे एकाहून जास्त गट होते, पंचविसाव्या सौरचक्राचा (डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराचा) भर ओसरलेला नव्हता. या प्रतिमेत पृथ्वी ठेवली तर तीन मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याएवढी. कुणीतरी खरंच खिशातून ज्वारीचा दाणा काढला आणि डागाशेजारी धरला. निघताना मूठभर ज्वारी बरोबर घ्या, यापेक्षा सोपी मोजपट्टी नाही. डागाचा गडद गाभा दाण्यापेक्षा मोठा होता. तो काळा दिसतो तो केवळ शेजारच्या मानाने. आजूबाजूला ५,८०० केल्व्हिनच्या आसपास तापमान, गाभ्यात ४,००० च्या आगेमागे.

कागद स्थिर धरला तरी सूर्याची कड सळसळत होती. ही आपल्या हवेची करामत. ती कमी-जास्त होते, म्हणून एकदा बघून मागे फिरू नका. सात-आठ सेकंद शांत येतात, तेवढ्यात डागाच्या उपच्छायेतले, म्हणजे गाभ्याभोवतीच्या फिकट कड्यातले, तंतू लख्ख दिसतात.

रेषा सरकते ती बघणं

यासाठीच एवढा प्रवास. प्रतिमेचा एक अरुंद पट्टा फटीतून आत जातो, १८ मीटरवरच्या भिंगातून समांतर होऊन ग्रेटिंगवर (प्रकाश रंगांत फाकवणाऱ्या, बारीक रेघा कोरलेल्या पट्टीवर) पडतो आणि त्याच भिंगातून परत फटीजवळ येतो, रंगांत फाकून. या रचनेला लिट्रो म्हणतात. जायला-यायला एकच भिंग, त्यामुळे फट आणि वर्णपट एकाच जागी उभं राहून बघता येतात.

पसारा इतका मोठा की एका नॅनोमीटरला सुमारे ९० मिलिमीटर लांबी मिळते. मांडणीनुसार हा आकडा बदलतो. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६, शाळेच्या प्रयोगशाळेत एकमेकींना चिकटलेल्या असतात. इथे त्यांच्यामध्ये पाच सेंटीमीटरचं मोकळं रान, आणि त्या रानातही बारीक रेषा.

मग तांबड्यात ६३० नॅनोमीटरच्या आसपास. इथे लोखंडाच्या दोन रेषा आहेत, ६३०.१५ आणि ६३०.२५, आणि त्यांच्या शेजारी प्राणवायूच्या दोन, ६३०.२० आणि ६३०.२८. लोखंड सूर्यावरचं, प्राणवायू आपल्या वातावरणातला. फट सूर्याच्या पूर्व कडेवर आणली, कागदावर चारही रेषांना टोकदार पेन्सिलने खुणा केल्या. मग प्रतिमा सरकवून फट पश्चिम कडेवर. प्राणवायूच्या रेषा आपल्या खुणांवर ठाम बसलेल्या, लोखंडाच्या दोन्ही पाऊण मिलिमीटर सरकलेल्या. जवळ येणाऱ्या वस्तूच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. पूर्व कड आपल्याकडे येते, पश्चिम कड दूर जाते, दोहोंतला फरक तेवढा. हिशेब तिथेच कागदाच्या कोपऱ्यात होतो: पाऊण मिलिमीटर म्हणजे ०.००८४ नॅनोमीटर, त्याचं निम्मं ०.००४२, भागिले ६३०, गुणिले प्रकाशाचा वेग तीन लाख किलोमीटर. उत्तर सेकंदाला दोन किलोमीटर, विषुववृत्ताजवळ सूर्य याच वेगाने फिरतो.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. कागद हलला तर सगळंच सरकतं, म्हणून तो चिकटपट्टीने बसवायचा आणि आधी प्राणवायूची रेषा खुणेवर आहे ना ते बघायचं. दुसरं, वर्णपटात काळ्या रेषांना आडव्या छेदणाऱ्या, रंगांच्या दिशेने लांबच लांब जाणाऱ्या रेघा दिसतात. त्यांना वर्णरेषा समजू नका. ती फटीच्या धारेवर बसलेली धूळ.

शेवटी फट एका डागावर. डाग कडेकडे असेल तर बरं, कारण इथे जो प्रवाह बघायचा तो आडवा असतो आणि मध्यावरच्या डागात तो आपल्या नजरेच्या दिशेने येतच नाही. उपच्छायेपाशी रेष सरळ न जाता किंचित तिरकी होते, एका बाजूला निळ्याकडे, दुसऱ्या बाजूला तांबड्याकडे. जानेवारी १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी याच वेधशाळेत हे पकडलं: डागाच्या उपच्छायेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो. जगभर त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात. शोधाच्या शताब्दीनिमित्त, २००८ च्या अखेरीसच, टपाल खात्याने तिकीटही काढलं. तो तिरकेपणा पहिल्या नजरेत दिसत नाही. पट्टीची सरळ धार रेषेला लावून बघितली की दिसतो.

जांभळ्या टोकाला कॅल्शियमची के रेषा, ३९३.४ नॅनोमीटर. तरुणांना अंधुक दिसली, साठी ओलांडलेल्यांना नाही. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि जांभळा प्रकाश अडवतं. उपाय सोपा: झेरॉक्सचा पांढराशुभ्र कागद धरा. त्यातली चकाकी आणणारी रसायनं अतिनील-जांभळ्या प्रकाशात स्वतः निळसर उजळतात आणि रेषा सगळ्यांना दिसते.

फोटो काढताना मोबाइलचा एक्स्पोजर हाताने कमी करून कुलूपबंद करा. नाहीतर कॅमेरा अंधाराला भुलून वर्णपट पांढराफटक करतो आणि रेषा गिळतो.

सव्वाअकराला दुसरी तुकडी आत असतानाच प्रतिमा विझली. बाहेर आलो तर पश्चिमेकडून ढग चढत होते. त्यांचा सोडियम झाला, डाग राहिला. पहिल्या तुकडीने वेळ जास्त खाल्ला होता. आता सांगायचं तर एका तुकडीला ३५ मिनिटं, घड्याळ लावून.

खर्च

पुणे–दिंडिगल स्लीपर माणशी आठशेच्या आत, एका बाजूचं. तीन दिवसांची गाडी, दोन रात्रींचा साधा मुक्काम, जेवणं आणि परतीचं तिकीट धरून माणशी साडेसहा हजारांच्या आसपास. चौदा भागीदार होते म्हणून. चौघे जाणार असाल तर मदुराईहून बस आणि गावात टॅक्सी हेच परवडतं. बरोबर न्यायचं सामान किरकोळ: झेरॉक्सचे कोरे कागद, टोकदार पेन्सिल, मिलिमीटरची पट्टी, चिकटपट्टी, ज्वारी.

कोडाईकनालला जाणं होणारच नसेल त्यांनी दोन गोष्टी घरबसल्या कराव्यात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरून अतिनील प्रकाशात सूर्य टिपते, ती चित्रं बघावीत. आणि कोडाईकनालच्या काचेवरच्या जुन्या छायाचित्रांचं डिजिटल रूप संस्थेने इंटरनेटवर खुलं केलं आहे. तारीख घालायची, त्या दिवशी डोंगरावर ढग नसतील तर सूर्य समोर येतो. परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत तेच चाललं होतं: कुणी आजीची जन्मतारीख घालत होतं, कुणी आईवडिलांच्या लग्नाची. जूनमधल्या लग्नाला ढग लागले.